अर्थ मायक्रोबायोम प्रोजेक्ट: शेकडो संशोधकांचे नमुने एका तक्त्यात बसवताना

जुलै २०१० मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड इथे मेटाजीनोमिक्सवर, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र वाचण्याच्या शास्त्रावर, एक कार्यशाळा भरली. तिथल्या चर्चेतून अर्थ मायक्रोबायोम प्रोजेक्ट (यापुढे ईएमपी) उभा राहिला आणि जॅक गिल्बर्ट, जॅनेट जॅन्सन व रॉब नाइट या तिघांनी तो पुढे नेला. माती, समुद्र, गोडं पाणी, गाळ, झाडांची मुळं, प्राण्यांची आतडी अशा जिथून मिळतील तिथून दोन लाख नमुने घ्यायचे आणि त्यांतल्या सूक्ष्मजीवांची एकाच पद्धतीने नोंद करायची, असा संकल्प होता. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये पहिला मोठा एकत्रित निकाल छापून आला. त्यात ४३ देशांमधले, ९७ अभ्यासांमधले २७,७५१ नमुने होते. गुणवत्तेची चाळणी लावल्यावर २३,८२८ उरले.

संकल्पाच्या मानाने आकडा लहान दिसतो. तरीही सूक्ष्मजीव परिस्थितिकीत सहकार्याचं जाळं कसं उभं राहतं आणि कुठे अडकतं हे शिकायला याहून चांगलं प्रकरण सापडणं कठीण आहे. इथे एका संस्थेने सगळं स्वतः केलं नाही. एकमेकांना कधी न भेटलेल्या शेकडो संशोधकांच्या नमुन्यांच्या नळ्या एका पद्धतीतून गेल्या आणि त्यांचे आकडे एका तक्त्यात आले.

मूळ अडचण

त्या काळात प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने काम करत होती. जिवाणू ओळखायला १६एस आरआरएनए जनुक वापरतात. त्यात व्ही१ ते व्ही९ असे नऊ बदलते भाग असतात. कुणी व्ही१ ते व्ही३ वाचत होतं, कुणी व्ही४, कुणी व्ही६. डीएनए काढायचे किट वेगळे, प्रायमर (जनुकाचा हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वेगळे, ओळख पटवायचे डेटाबेसही वेगळे. दोन ठिकाणच्या मातीत फरक दिसला, तर तो मातीचा की पद्धतीचा हे सांगता येत नसे. त्यामुळे प्रसिद्ध झालेली माहिती ढिगाने होती, पण ती एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नव्हती.

यावर दोन उपाय होते. सगळ्यांना एकच पद्धत शिकवायची, किंवा सगळ्यांचे नमुने मोजक्या ठिकाणी आणून तिथेच पुढचं काम करायचं. ईएमपीने मुख्यतः दुसरा मार्ग धरला आणि प्रोटोकॉल (कामाच्या लेखी पद्धती) सर्वांसाठी खुले ठेवले. नळी केंद्रात पोहोचल्यानंतरचं सगळं एकसारखं. नळी भरेपर्यंतचं सगळं संशोधकाच्या हातात. प्रकल्पाचं यश आणि प्रकल्पाची मर्यादा, दोन्ही या एका निर्णयातून आल्या.

देवाणघेवाणीचा व्यवहार

ईएमपीने नव्या मोहिमा काढल्या नाहीत. जगभरच्या फ्रीझरमध्ये नमुने आधीच पडून होते. माती किंवा समुद्रावर काम करणाऱ्या संशोधकाकडे नमुने असतात, जागेची बारीक माहिती असते, आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायला, पैसे नसतात. सिक्वेन्सिंग केंद्राकडे यंत्र आणि पद्धत असते, पण जगभरचे नमुने नसतात. व्यवहार सरळ होता: नमुन्यांचा संच आणि त्याची पूर्ण माहिती पाठवा, डीएनए काढणं आणि सिक्वेन्सिंग आम्ही करू, निकाल खुला होईल. तुमचा प्रश्न तुमचाच, तुमचा शोधनिबंधही तुमचाच. एकत्रित विश्लेषणात मात्र तुमची माहिती इतरांबरोबर जाईल आणि तिथे प्रकल्पाचा संघ सामूहिक लेखक म्हणून येईल.

हा व्यवहार चालला याचं कारण प्रत्येकाला नेमकी नसलेली गोष्ट मिळत होती. सहकार्याच्या सदिच्छेवर जाळं फार तर पहिली बैठक तग धरतं. नवं जाळं उभारणाऱ्याने आधी कागदावर दोन रकाने आखावेत: सहभागी काय देणार, आणि त्याला त्याच्या स्वतःच्या कामासाठी काय मिळणार. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यातही फार काही येत नाही.

पैसा एकाच मोठ्या अनुदानातून आला नाही. केक फाउंडेशन, जॉन टेम्पलटन फाउंडेशन, आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा अंतर्गत निधी आणि इतर स्रोत जोडून काम चाललं. निधी असा हप्त्याहप्त्याने येतो तेव्हा नमुन्यांची रांग लागते. रांगेत असलेल्याला आपला क्रमांक आणि अंदाजे महिना कळत राहिला पाहिजे; नाहीतर तो नमुने दुसरीकडे पाठवतो आणि मिळालेली माहिती पुन्हा वेगळ्या पद्धतीची निघते.

पहिली नळी निघण्याआधी लिहून घ्यायचे मुद्दे मोजके आहेत, पण ते राहून गेले की पुढे भांडणं होतात. नमुन्यांच्या मालकाचा निबंध येण्याआधी माहिती कोण वापरू शकतं? राखीव मुदत किती? सामूहिक लेखकांत नाव येण्यासाठी किमान काय करावं लागतं? मसुद्यावर उत्तर आलं नाही तर संमती धरायची का? राखीव मुदत निबंधाच्या तारखेपासून कधीही मोजू नये, कारण निबंध लांबत राहतो. आकडे संशोधकाच्या हाती पडले त्या दिवसापासून मोजावी आणि शेवटची तारीख करारातच घालावी.

परवान्यांचं काम याच टप्प्यावर संपवायचं असतं. नागोया प्रोटोकॉल हा जैविक संसाधनांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. त्यानंतर जैविक नमुना देशाबाहेर नेताना त्या देशाची परवानगी आणि लाभवाटपाच्या अटी पाहाव्या लागतात. अमेरिकेत परदेशी माती नेण्यासाठी तिथल्या कृषी विभागाचा परवाना लागतो. सुक्या बर्फातून पार्सल जात असेल तर विमान कंपनीला यूएन १८४५ अशी नोंद आणि बर्फाचं वजन खोक्यावर हवं असतं, आणि झाकण हवाबंद करायचं नसतं, कारण कार्बन डायऑक्साइडने खोकं फुटू शकतं. परवाना हातात येण्याआधी खोकं निघालं तर ते सीमाशुल्क विभागात अडतं, बर्फ उडून जातो आणि नमुने वितळतात. ज्या देशातून परवानगी मिळणं अवघड आहे तिथे डीएनए तिथेच काढून, जमल्यास सिक्वेन्सिंगही तिथेच करून फक्त आकडे एकत्र आणणं बरं. अशा वेळी किट आणि प्रोटोकॉल मात्र जाळ्याचेच असावेत.

नळी पोहोचल्यानंतर

डीएनए काढायला मो बायो कंपनीचं पॉवरसॉइल किट ठरवलं गेलं. मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) बंद पाडतात. हे किट ती बऱ्यापैकी काढून टाकतं. प्रत्येक प्रकारच्या नमुन्याला हेच सर्वोत्तम होतं असं नाही. जाड भिंतीचे जिवाणू आणि बीजाणू फोडायला इतर पद्धती सरस ठरू शकतात. पण तुलना करायची असेल तेव्हा सगळीकडे सारखी असलेली त्रुटी परवडते, नमुन्यागणिक बदलणारी त्रुटी परवडत नाही.

प्रायमरची जोडी होती ५१५एफ (पुढचा) आणि ८०६आर (उलटा), म्हणजे व्ही४ भाग. पीसीआरचं मिश्रण २५ मायक्रोलिटर. ९४ अंशावर ३ मिनिटं; मग ३५ आवर्तनं, प्रत्येकात ९४ अंशावर ४५ सेकंद, ५० अंशावर ६० सेकंद, ७२ अंशावर ९० सेकंद; शेवटी ७२ अंशावर १० मिनिटं. प्रत्येक नमुन्याचा पीसीआर तीनदा करून एकत्र करायचा असा मूळ नियम होता. एकदा केल्यानेही निकाल फारसा बदलत नाही असं २०१९ मध्ये दिसून आलं, आणि खर्चाचा मोठा भाग वाचवायची वाट मोकळी झाली. प्रत्येक नमुन्याला १२ अक्षरांचा गोले बारकोड, म्हणजे नमुन्याची ओळख सांगणारा डीएनएचा तुकडा, जोडतात. त्याची रचना अशी असते की वाचनात एखादं अक्षर चुकलं तरी मूळ बारकोड ओळखता येतो. मग पिकोग्रीन या रंगद्रव्याने डीएनए मोजून प्रत्येक नमुन्यातून २४० नॅनोग्रॅम घेऊन सगळे एका नळीत मिसळायचे. वनस्पतींच्या नमुन्यांत हरितलवक आणि तंतुकणिकांचं १६एस जिवाणूंच्या प्रायमरलाच चिकटतं आणि बहुतेक रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) तेच खाऊन टाकतं. त्यासाठी पीएनए क्लॅम्प, म्हणजे त्यांच्या प्रती वाढू न देणारे रेणू, घालतात.

या जोडीत पुढे एक दोष उघड झाला. ५१५एफ समुद्रातल्या थॉमआर्किओटा गटाला नीट पकडत नव्हता आणि ८०६आर एसएआर११ या समुद्रातल्या अतिशय विपुल गटाला. दुरुस्ती दोन अक्षरांची होती. ५१५एफच्या चौथ्या जागी सी होता, तिथे सी किंवा टी दोन्ही चालतील असं केलं. ८०६आरच्या आठव्या जागी तीन पर्याय होते, तिथे चारही केले. बारकोडही उलट्या प्रायमरवरून पुढच्या प्रायमरवर नेला, म्हणजे गरजेप्रमाणे ९२६आरसारखा दूरचा उलटा प्रायमर जोडता येईल.

दोन अक्षरांचा बदल किरकोळ वाटतो, पण परिणाम मोठा आहे. एकाच समुद्राचे २०१३ आणि २०१७ मधले नमुने शेजारी ठेवले आणि प्रायमरची आवृत्ती नोंदलेली नसली, तर चार वर्षांत एसएआर११ वाढला असा खोटा निष्कर्ष निघेल. जाळ्याने प्रमाण पद्धत बदलावीच. गोठवून ठेवली तर चुकाही गोठतात. बदलताना मात्र आधीच्या नमुन्यांपैकी काही निवडून जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी चालवायचे, आणि आवृत्तीचा रकाना प्रत्येक नमुन्यासमोर भरायचा. यासाठी जुन्या डीएनएचा थोडा साठा वेगळा राखून ठेवावा लागतो. सगळा डीएनए पहिल्याच फेरीत वापरून टाकणाऱ्या जाळ्याला दोन पद्धतींमधला पूल पुन्हा बांधता येत नाही.

दूषण हा दुसरा धोका. किटच्या रसायनांतच थोडा जिवाणूंचा डीएनए असतो, हे २०१४ मध्ये स्पष्टपणे दाखवलं गेलं. नमुन्यात मुळात जिवाणू कमी असतील तर त्यात किटचेच जिवाणू दिसतात. शिवाय ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये शेजारच्या वेलमधून डीएनए उडतो, तोही मुख्यतः डीएनए काढण्याच्या टप्प्यावर. विष्ठेशेजारी हवेच्या फिल्टरचा नमुना ठेवला तर हवेत आतड्याचे जिवाणू सापडणारच. म्हणून जिवाणूंचं प्रमाण जवळपास सारखं असलेले नमुने एका प्लेटवर घ्यावेत, प्लेटमधली त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी, कोरे नमुने (ज्यांत काहीच टाकलेलं नाही असे) एका कोपऱ्यात न ठेवता पसरून ठेवावेत आणि घटक माहीत असलेला जिवाणूंचा मिश्र समूहही प्रत्येक प्लेटवर चालवावा. कोऱ्या नमुन्यात दिसलेला प्रत्येक जिवाणू सरसकट वगळू नये. तो शेजारच्या वेलमधून उडालेला, म्हणजे खऱ्या नमुन्याचाच असू शकतो.

मेटाडेटा: खरं काम इथे होतं

सिक्वेन्सिंग यंत्र दिवसांत काम उरकतं. नमुन्याची माहिती, म्हणजे मेटाडेटा, नीट करायला महिने जातात. अशा जाळ्याच्या अंदाजपत्रकात सर्वात हमखास विसरला जाणारा माणूस म्हणजे हे तक्ते तपासणारा, आणि माझ्या मते त्याची नेमणूक यंत्राच्या खरेदीआधी व्हायला हवी.

ईएमपीने जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सोर्टियमचं एमआयएक्सएस मानक आणि पर्यावरणासाठी एन्व्हो ही शब्दावली घेतली. प्रत्येक नमुन्याची एक ओळ: नमुन्याचं नाव, तारीख-वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, खोली, परिसर, पदार्थ, प्राणी किंवा वनस्पती असेल तर तिचा वर्गीकरण क्रमांक, आणि पीएच, तापमान, क्षारता अशी मोजमापं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते एका ओळीवरून दिसेल.

केप टाउनजवळच्या मातीचा नमुना समजा. अक्षांश उणे ३३.९, रेखांश १८.४. भरणाऱ्याने उणे चिन्ह गाळलं. नमुना लिबियाच्या उत्तरेला, भूमध्य समुद्रात जाऊन पडला. 'माती' असं लिहिलेली आणि समुद्रात पडलेली ओळ नकाशावर टाकल्याबरोबर सापडते. त्यामुळे प्रत्येक तक्ता आला की पहिलं काम ठिपके नकाशावर टाकायचं. दुसरी चूक नकाशावर इतकी सहज दिसत नाही: एक्सेलमध्ये ४५.१ हा आकडा खाली ओढताना ४६.१, ४७.१ अशी मालिका तयार होऊ शकते. एकाच शेतातले दहा नमुने नऊ अंश अक्षांशांवर पसरतात आणि प्रत्येक ठिपका जमिनीवरच असू शकतो. एका अभ्यासातल्या अक्षांशांमध्ये नेमका एकचा फरक दिसला की संशय घ्यायचा. तारखांचं तेच. दिवस आधी की महिना आधी हे देशागणिक बदलतं, म्हणून वर्ष-महिना-दिवस या एकाच क्रमाचा आग्रह धरावा. नळीवरची खूण इंग्रजी महिन्याच्या संक्षेपासारखी असेल तर एक्सेल तिची परस्पर तारीख करतं, आणि ००७ चं ७ करतं. सगळे रकाने आधीच मजकूर म्हणून बांधलेला तक्ता पाठवला तर यातलं बरंच टळतं.

एककं पुढची पायरी. मातीची खोली कुणी सेंटिमीटरमध्ये लिहितं, कुणी मीटरमध्ये. १० म्हणजे वरचा थर की विहिरीचा तळ हे आकड्यावरून कळत नाही. मातीचा पीएच पाण्यात मोजला की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, यावर साधारण अर्धा ते एक एकक फरक पडतो. ईएमपीच्या निकालांपैकी एक महत्त्वाचा निकाल असा की सूक्ष्मजीवांची विविधता मध्यम पीएच आणि मध्यम तापमानाच्या अरुंद पट्ट्यात सर्वाधिक असते. अशा निष्कर्षात अर्ध्या एककाची सरमिसळ चालणार नाही. मोजण्याची पद्धत हा वेगळा रकाना हवा.

रिकामी जागा कधीच रिकामी ठेवू नये. 'लागू नाही', 'नोंदवलं नाही', 'कळवलं नाही' आणि 'माहिती राखीव' या चार गोष्टी वेगळ्या आहेत. 'कळवलं नाही' असेल तर संशोधकाला पत्र लिहून माहिती मिळते. 'नोंदवलं नाही' असेल तर पाठपुरावा थांबवता येतो. रिकाम्या चौकटीवरून दोन्हींपैकी काय ते ठरत नाही आणि दोन वर्षांनी विचारावं तर नमुने गोळा करणारा विद्यार्थी नोकरीला लागलेला असतो.

एन्व्होच्या बाबतीत वेगळीच गोष्ट घडली. शब्दावली मोठी, सखोल आणि बरोबर होती, म्हणूनच प्रत्येकाने ती आपापल्या खोलीवर वापरली. कुणी 'जंगल' इथे थांबलं, कुणी जंगलाच्या प्रकारापर्यंत गेलं. एकत्र विश्लेषणाला ते निरुपयोगी. म्हणून ईएमपीओ ही छोटी वर्गवारी बनवली गेली. पहिल्या पायरीवर दोन गट: मुक्त राहणारे आणि यजमानाशी निगडित. दुसऱ्या पायरीवर मुक्तांचे खारे आणि बिनखारे, यजमानांचे प्राणी आणि वनस्पती. तिसऱ्या पायरीवर एकूण १७ प्रकार: बिनखारी माती, खारा गाळ, मुळांभोवतीची माती, आतड्याचा शेवटचा भाग वगैरे. नवख्यालाही नमुना कुठे टाकायचा ते लगेच कळतं. शिस्तीची सविस्तर शब्दावली आणि तिच्यावर बसणारी, थोड्या खणांची वर्गवारी अशी दोन्ही ठेवणं हा या प्रकरणातला सर्वात उचलण्याजोगा भाग आहे.

आकडे एकत्र करताना

सुरुवातीची प्रचलित रीत ९७ टक्के साम्यावर रीड्सचे गट पाडायची होती. त्यात नवा अभ्यास जोडला की गट पुन्हा पडतात आणि जुन्या गटांची ओळख हलते. संदर्भ डेटाबेसशी जुळवून गट पाडले तर डेटाबेसमध्ये नसलेले जीव गळून जातात. २०१७ च्या विश्लेषणात डेब्लर हे सॉफ्टवेअर वापरून वाचनातल्या चुका काढल्या आणि प्रत्येक नेमका क्रम हाच स्वतःची ओळख मानला. मग नवा अभ्यास कधीही आला तरी जुन्यांना हात न लावता शेजारी ठेवता येतो. वाढत्या जाळ्यासाठी हा निर्णय मोलाचा. साधारण तीन लाख वेगवेगळे क्रम हाती आले.

त्याची किंमतही मोजावी लागली. व्ही४ चा हा तुकडा सुमारे २५३ अक्षरांचा, पण सुरुवातीच्या यंत्रांवरची वाचनं आखूड होती. सगळे अभ्यास घ्यायचे तर सर्वांची वाचनं ९० अक्षरांवर कापावी लागली. जुन्या नमुन्यांसाठी नव्यांचा तपशील सोडला गेला. प्रति नमुना ५,००० रीड्सवर पातळी सारखी केली. काही प्रकारचे नमुने भरमसाठ आणि काही मोजके होते, म्हणून पर्यावरणांत शक्य तितके समतोल असे २,००० नमुन्यांचे उपसंच वेगळे काढून त्यांवरही विश्लेषण केलं.

जिथे जाळं कमी पडलं

नळी भरेपर्यंतचं स्वातंत्र्य इथे आडवं आलं. नमुने कुठून घ्यायचे हे कोणत्याही आराखड्याने ठरलं नव्हतं. ज्यांच्याकडे होते त्यांनी पाठवले. एखाद्या पर्यावरणाचे बहुतेक नमुने एक-दोन अभ्यासांतूनच आले असतील, तर दिसणारा फरक पर्यावरणाचा की त्या अभ्यासाच्या जागेचा, ऋतूचा, साठवणीचा, हे सुटं करता येत नाही. साठवण खरोखर महत्त्वाची आहे: विष्ठेचे नमुने खोलीच्या तापमानाला प्रवास करतात तेव्हा काही गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया (जिवाणूंचा एक गट) वाटेतच वाढतात. ९५ टक्के इथेनॉलमध्ये नमुना बराच टिकतो, ७० टक्क्यांत नाही. हे नियम नमुना घेण्याआधी पोहोचले पाहिजेत. नंतर सांगून उपयोग नाही.

पुढच्या टप्प्यात, ईएमपी५०० मध्ये, याची दुरुस्ती केली गेली. नमुने नव्याने, ठरलेल्या सूचनांनुसार मागवले आणि प्रत्येक नमुन्याचे भाग पाडून वेगवेगळ्या मोजमापांना दिले. २०२२ मध्ये ८८० नमुन्यांचं मेटाजीनोम आणि चयापचयी रसायनांचं एकत्रित विश्लेषण 'नेचर मायक्रोबायोलॉजी'त आलं. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत नमुने फार कमी, पण एकेका नमुन्याकडून मिळालेली माहिती कितीतरी अधिक.

नवं जाळं काढणाऱ्यांनी हा क्रम उलटा धरावा असं वाटतं. आधी दहा-बारा गट, एक प्रश्न, नमुना घेण्याचा एकच आराखडा. त्याआधी एक चाचणी फेरी: एकच माती नीट चाळून, मिसळून, गोठवून सर्वांना पाठवायची, सोबत घटक माहीत असलेला मिश्र समूह आणि एक कोरी नळी. निकालात प्रयोगशाळांमधला फरक नमुन्यांमधल्या अपेक्षित फरकाएवढा आला, तर प्रोटोकॉल अजून तयार नाही असं समजायचं आणि बहुधा डीएनए काढण्याच्या टप्प्यापासून शोध सुरू करायचा: पेशी फोडणारे मणी फिरवण्याचा वेग, वेळ, नमुन्याचं सुरुवातीचं वजन.

निधी संपल्यानंतरची तजवीजही करारातच हवी. कच्च्या फाइली युरोपीय न्यूक्लिओटाइड संग्रहासारख्या कायम सार्वजनिक संग्रहात, मेटाडेटाच्या ओळींसह. प्रोटोकॉलची प्रत्येक आवृत्ती तारखेसह. आणि उणे ८० अंशावरच्या फ्रीझरमधल्या उरलेल्या डीएनएची यादी, त्याचं वीजबिल कोण भरणार आणि नमुना मागणाऱ्याला हो किंवा नाही कोण म्हणणार, या दोन नावांसकट.